पेटीमास्तरांची मुकी नळी

दारव्ह्याच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी खोलीची चौकशी केली, तर एका सहकाऱ्याने पत्ता म्हणून एवढंच सांगितलं, "बसस्टँडवर उतरा अन् उलशीक चूप उभ्या राहा. जिकून आवाज येईन तिकडं चालाले लागा." मला वाटलं, नवीन बाई बघून थट्टा चाललीय. पण मी उतरले, पिशव्या खाली ठेवल्या, आणि बसचे हॉर्न, रसवंतीचे घुंगरू, रिक्षावाल्यांची ओढाताण या सगळ्यांच्या वरून एक आवाज आला, "अबे, वेल्डिंग करून राह्यला का भाजी परतून राह्यला?" समोरच्या ग्रिलवाल्याला उद्देशून ते वाक्य होतं. त्या आवाजाच्या रोखाने गेले आणि थेट माझ्या होणाऱ्या घरमालकांच्या दारात पोचले.

खाली दुकान, वर भाड्याची खोली. दुकानावर पाटी होती, 'येथे गाड्या मुक्या करून मिळतील.' त्याखाली कुणा टवाळाने खडूने लिहिलं होतं, 'मालक सोडून.' मालकांनी ते पुसलं नव्हतं. पुढे पावसात ती अक्षरं पुसट झाली तेव्हा त्यांनी स्वतः ब्रश घेऊन ती पक्क्या रंगात गिरवली.

सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. शाळेतले नव्हेत, पेटीमास्तर. तरुणपणी ते भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम करायचे. पार्टी मोडली आणि मास्तरांनी सायलेन्सरचं दुकान टाकलं. पेटी मात्र दुकानातच राहिली, गॅसच्या टाकीशेजारी, लाल कापडात गुंडाळलेली. ग्राहक नसला की काढायची, एखादं कडवं वाजवायचं आणि पुन्हा पाना हातात घ्यायचा. पेटीवर कुठेकुठे ग्रीसची बोटं उमटलेली होती.

खोली देताना त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. "मॅडम, तुमचा कुकर कसा हाये?"

"कसा म्हणजे?"

"म्हनजे शिट्टी बोलते का कोकलते?"

मी म्हटलं, "मी राजूरची आहे. खाणीत सुरुंग उडाला की आमच्या फळीवरची भांडी नाचायची. माझ्या कुकरचं मला काही वाटत नाही."

मास्तरांचा चेहरा उजळला. "राजूरच्या! मंग तुमाले चूप बसन्याची किंमत मालूम हाये." आणि किल्ली हातात दिली. हे वाक्य ते इतक्या मोठ्याने बोलले की पलीकडच्या पानठेल्यावरचे लोक वळून बघायला लागले.

त्यांच्या त्या आवाजाचा मला पहिले काही महिने भयंकर राग यायचा. वह्या तपासायला बसावं तर खालून सगळं संभाषण वर. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, अगदी हळू बोलायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला त्रास नाही होत?" काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "लग्न झालं तवा मले वाटे, हे माह्यावरच चिडून राह्यले. मंग समजलं, हे तं पानी मांगून राह्यले." आणि खुदकन हसल्या.

तर असा हा माणूस गाड्यांचे आवाज मारायचा, आणि आपल्या कामाबद्दल बोलताना त्याला लाज, संकोच, विनय यातलं काही शिवत नसे. "मुकुटबनवरून गाडी येते मॅडम माह्याकडं! इतक्या दूरून! मधात काय दुकानं नाईत? हायेत. पन त्यायच्या जवळ कान नाईत." मुकुटबनची ती गाडी एकदाच आली होती, पण तिचा उल्लेख रोज व्हायचा.

त्यांनी आवाजांच्या जाती पाडल्या होत्या. भुंकणारी गाडी, खोकणारी गाडी आणि गूंवाली गाडी. पहिल्या दोघी त्यांच्या हातचा मळ. डबा बदलायचा, आत काचेचा कापूस ठासायचा, सांधे नीट जोडायचे, झालं. गूंवालीचं नाव काढलं की मात्र ते गंभीर व्हायचे. कंपनीचा सायलेन्सर सडला की लोक बाजारातली जाड, चकचकीत नळी आणून बसवतात. गावात गाडी बरी वाटते. मोकळ्या रस्त्यावर एका ठरावीक वेगाला आली की आत गूं सुरू होते. बाहेरच्याला ऐकू येत नाही, आत बसलेल्याचं डोकं भणभणतं. कापसाला ती दाद देत नाही. "भुंकन्यानं मानूस भांडते मॅडम. गूंनं मानूस थकते. भांडन परवडलं, थकनं नाई परवडत." हे वाक्य मी वर्गात दोनतीनदा माझं म्हणून खपवलं आहे.

मास्तरांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. आयुष्यभर गाड्यांखाली झोपलेला माणूस, पण स्टेअरिंगला हात लावला नाही. म्हणायचे, "जो चालवते तो रस्ता पाह्यते. ऐकाचं कोनं?" त्यामुळे कुठे जायचं झालं की मला हाक. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते जायचे, आणि वाटेतल्या प्रत्येक गाडीचं निदान माझ्या कानात ओरडायचे.

एकदा एक पोरगा आपल्या फटफटीचा आवाज आणखी वाढवून मागायला आला. फटाके फुटल्यासारखा हवा म्हणाला. मास्तरांनी त्याला हाकलला नाही. म्हणाले, "जरूर करतो. पन पह्यले घरी जाय. तुह्या आजीच्या खाटेपाशी गाडी उभी कर अन् रेस दे. बुढीनं शाबास म्हटलं का ये, असा आवाज करून देतो का यवतमाळचं कलेक्टर हापिस हाललं पायजे." पोरगा गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याचा एक गाल लाल होता आणि त्याला साधा सायलेन्सर हवा होता. पुढे आठवडाभर मास्तर त्या आजीचं कौतुक गावभर सांगत फिरले.

त्यांचं आणखी एक पालुपद होतं, ते म्हणजे शेषराव. मी शेषरावला पाहिलं नव्हतं, पण त्याच्याविषयी मला सगळं ठाऊक होतं. बोरी अरबचा शिंपी, पार्टीतला बासरीवाला. एका एप्रिलच्या दुपारी, पत्र्याच्या मांडवात, भर कार्यक्रमात त्याच्या बासरीचा सूर पेटीच्या वर गेला. लोक हसले. मास्तरांनी मंचावरच त्याला झापलं. त्याने म्हणे सांगितलं, "मास्तर, उन्हानं बासरी चढते. तुमची पेटी तशीच राह्यते. मी काय करू?" मास्तर काय म्हणाले असतील ते सांगायला नको, ते त्या गावाच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं असणार. शेषराव बासरी पिशवीत घालून मंचावरून उतरला, आणि पार्टी मोडली. एवढी वर्षं झाली, पण काही चुकलं की मास्तर म्हणायचे, "हो, हो, ऊन लागलं असन!" काकूंच्या वरणात मीठ जास्त झालं तरी तेच. काकू गप्प बसायच्या. मला वाटायचं, हा माणूस हसतोय, पण याला शेषराव अजून बोचतो. ज्याला विसरलोय त्याचं नाव कुणी रोज घेत नाही.

आता रामधनचं सांगते. रामधन दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा, शेती आणि जोडीला एक जुनी पेट्रोल गाडी. त्याच्या आईला सगळा तांडा आणि त्यामुळे आम्हीही याडी म्हणायचो. गोरबोलीत याडी म्हणजे आईच. उंच, ताठ, हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि बोलणं तोलूनमापून. याडीची किडनी गेली होती. दर मंगळवारी आणि शनिवारी तिला डायलिसिसला यवतमाळला न्यावं लागे. बसमध्ये जाताना कसंबसं जमायचं, पण मशीनवरून उतरल्यावर तिला उभं राहवत नसे. म्हणून रामधनची गाडी. आणि त्या गाडीचा मूळ सायलेन्सर सडून पडला होता, तसला आता मिळत नव्हता, म्हणून रामधनने बाजारातली ती जाड नळी बसवली होती.

गाडीला गूं लागली. याडीचं डोकं दुखायचं, मळमळायचं, रस्त्यात दोनदा उलटी. हळू चालवली तर गूं नाही, पण मग दवाखान्यातला नंबर हुकायचा. शेवटी याडीने सांगून टाकलं, "रोगानं मरीन ते चालते. त्या गाडीत बसून रोज थोडी थोडी नाई मरत." आणि ती बोलली की बोलली. रामधन दुकानात आला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं. म्हणाला, "मास्तर, डाक्टर म्हन्ते, मशीन सोडली तं पंधरा दिवसबी नाई. अन् याडी आयकून नाई राह्यली."

मास्तर उठून उभे राहिले. "रामधन, शनिवारी याडी झोपत जाईन यवतमाळले. झोपत! नाई झोपली तं त्या पाटीवर डांबर फास." हे ते बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभे राहून बोलले, त्यामुळे ते अख्ख्या दारव्ह्याने ऐकलं. लोक गुरुवारपासूनच शनिवारची वाट बघायला लागले.

त्यांची पद्धत मी त्या आठवड्यात पहिल्यांदा जवळून पाहिली, आणि मला खरंच वाटलं, हा माणूस बह्याड आहे, पार वेडा. पेटी मांडीवर घेऊन ते रामधनच्या गाडीत मागे बसले. शेजारी मी, भाता मारायला, कारण काकूंनी साफ नकार दिला होता. गाडी यवतमाळ रस्त्याला लागली. गूं सुरू झाली तसे मास्तर एकेक सूर दाबत खाली गेले आणि अगदी खर्जात, चौथ्या काळ्या पट्टीवर, म्हणजे काळी चारवर थांबले. पेटी आणि गाडी एकाच सुरात गायला लागल्या. बाजूने जाणारा दूधवाला फटफटी हळू करून आत बघायला लागला. "धरली! काळी चार! आता सुटत नाई!"

मग दुकानात त्यांनी एक नळी घेतली, तिचं एक टोक झाकलं आणि उघड्या तोंडावर रबरी चपलेने थाड्कन मारलं. 'ढुब' असा आवाज आला. "हा हिचा सूर." नळी लांब असली की सूर खाली, आखूड केली की वर. काकू आता पेटीचा भाता मारत होत्या, मास्तर चपलेने नळी वाजवत होते आणि थोडी थोडी कापत होते. ढुब पेटीशी जुळला तसे ते थांबले. ही झाकलेली नळी गाडीच्या मोठ्या नळीला बाजूने जोडायची. "हिच्यातून काई बाहेर नाई जात. मुकी नळी हाये. पन गाडीनं काळी चार लावली का हे आतून तोच सूर उलटा फेकते. दोघंबी चूप." मला अर्धं समजलं. पण ढुब आणि काळी चार अगदी एक होते, ते माझ्या कानालाही कळलं.

शनिवारी दुकानासमोर गर्दी होती. याडी रामधनच्या शब्दासाठी गाडीत बसली. पुढे मास्तर, मागे तिच्यासोबत मी. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला, रामधनने वेग धरला. आणि गूं आली. होती तशी. काडीचाही फरक नाही.

याडीने डोक्याला हात लावला. "थांबव, रामधन." ती उतरली, रस्त्याकडेच्या पळसाखाली बसली आणि मास्तरांना म्हणाली, "मास्तर, तुमी मनापासून केलं. तुमचा राग नाई. पन मी आता जात नाई. मले घरी न्या." तिच्या पावलांवर सूज होती, ती मी तेव्हा पाहिली. रामधन स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला होता. घरी नेताना तो इतका हळू चालवत होता की सायकलवाले पुढे जात होते.

याडीला तांड्यावर सोडून गाडी दुकानाशी आली. मास्तर एक शब्द बोलत नव्हते. मला मात्र राहवेना. कुणी मागितला होता का तुम्हाला तो शनिवारचा वायदा, गावाला तमाशा दाखवायची काय गरज होती, त्या बाईचा एक दिवस गेला, आता ती पुन्हा बसणार आहे का त्या गाडीत? मी बरंच बोलले, आणि अजूनही मला वाटतं, बरोबरच बोलले. मी बोलत होते आणि हा माणूस गाडीखाली शिरून, हाताला गोणपाट गुंडाळून, ती तापलेली मुकी नळी खोलत होता. बाहेर आला, नळी विटांवर ठेवली, पायातली चप्पल काढली आणि थाड्कन मारली.

ढुब.

मास्तर तसेच थिजले. माझ्याकडे हात करून म्हणाले, "चूप!" मग आत ओरडले, "भाता मार वो! काळी चार!" काकूंनी आतून सूर धरला. मास्तरांनी पुन्हा नळी वाजवली. जळक्या रबराचा वास सुटला. नळीचा सूर पेटीच्या वर होता. चांगला वर. तीच नळी, जी परवा पेटीशी तंतोतंत जुळली होती.

"चढली," मास्तर पुटपुटले. पुटपुटले, हे मी मुद्दाम लिहिते. काकूंनी भाता सोडला नाही. मास्तर थांबून थांबून नळी वाजवत राहिले. नळी थंड होत गेली तसा ढुब खाली खाली येत गेला. ग्रिलवाला मशीन बंद करून रस्ता ओलांडून आला. शेवटी नळीला नुसता हात लावता यायला लागला, आणि ढुब येऊन पेटीवर बसला.

"गरम झाली का चढते! अन् मी ह्या येड्या नळीले थंडीत सुरात लावली! गाडीत तं ते भट्टीत हाये, तठी ते काळी चार गाईनच कशी? लांब पायजे, नळी लांब पायजे!" आणि मग एकदम खाली बसले. काकूंकडे बघून म्हणाले, "शेषराव खरं सांगत होता वो."

काकू पेटी बंद करत म्हणाल्या, "मले तवाच वाटलतं." एवढी वर्षं त्या वरणातल्या मिठावरून टोमणे ऐकत का गप्प बसायच्या, ते मला त्या क्षणी कळलं.

"मॅडम, स्कूटर काढा," मास्तर म्हणाले.

बोरी अरबला शेषरावच्या गल्लीच्या तोंडाशी मी स्कूटर हळू केली, पण मास्तरांना धीर कुठला? चालत्या स्कूटरवरूनच त्यांनी हाळी दिली, "शेषराव! तू सुरात होता बे! तू सुरात होता!" दारं उघडली. बाया कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. शिलाई मशीनवरून एक किडकिडीत, चष्मा घातलेला माणूस उठला, गळ्यातली टेप तशीच. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, त्यांनी भर गल्लीत दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बासरी चढते. पेटी तशीच राह्यते. मी सोता पाह्यलं. सर्व्यायच्या मधात तुले बोललो होतो, म्हनून सर्व्यायच्या मधात सांगाले आलो."

शेषरावने गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली. मग म्हणाला, "जयभीम, मास्तर. आवाज तसाच हाये तुमचा. घरात या."

मला रडू आलं. पुसायला रुमालही नव्हता, शेषरावच्या बायकोने शिवणातली चिंधी दिली.

रविवारी शेषराव दुकानात हजर. किती लांब करायची यावर मास्तरांनी अंदाज बांधायला सुरुवात केली, तर तो शांतपणे म्हणाला, "अंदाज कायले? गरम असतानाच लावू. मी भर उन्हात बासरी लावतो तशी." त्याने सुचवलं ते असं, की नळी मुद्दाम जास्त लांब घ्यायची आणि आत पिचकारीसारखा दट्ट्या बसवायचा. गाडी दुकानासमोर चांगली तापेपर्यंत चालू ठेवायची, रामधनने पायाने गूं धरून ठेवायची, आणि दट्ट्या हळूहळू सरकवायचा. मास्तर गाडीखाली, शेषराव आत मागच्या सीटवर डोळे मिटून, हात वर करून. मी खिडकीशी, शेषरावचा हात खाली आला की ओरडायला. गाडी गूं गूं करत होती, बसस्टँडवरून लोक येऊन उभे राहिले होते, ग्रिलवाला सगळ्यांना मागे सारत होता. दट्ट्या सरकत गेला. आणि एका जागी, कुणी दार लावून घ्यावं तशी गूं गेली. इंजिन चालू होतं, रामधनचा पाय तसाच होता, पण आत नुसती साधी घरघर होती. शेषरावचा हात खाली आला. मी ओरडायचं विसरले. मास्तर गाडीखालून ओरडले, "झाली का नाई? सांगा ना बापा!"

आधीच्या मापापेक्षा नळी चांगली वीतभर लांब निघाली होती. तिथेच दट्ट्या वेल्ड करून टाकला.

पण याडी? ती बसणार नव्हती. सोमवारी मास्तर तांड्यावर गेले, सोबत मी. वाटेत मी बजावलं होतं की एक जरी बढाई मारलीत तर स्कूटरवरून उतरवीन. ते याडीच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. सूज आता चेहऱ्यावरही दिसत होती. मास्तर म्हणाले, "याडी, दवाखान्याची गोष्ट नाई काढत. माह्या अन् शेषरावच्या भांडनाची तुले मालूम हाये. ते मिटलं. तुमच्या तांड्यात भांडन मिटते तं बुजरूग मानूस साक्षीले बसते. आमाले साक्षी पायजे. उद्या बोरीपर्यंत चल. शेषरावच्या घरी चहा घेऊ. गूं आली का जठी म्हनशीन तठी उतर."

याडी खाटेवर उठून बसली. रामधन दाराला धरून उभा होता. समेटाला बोलावलं आणि मोठं माणूस गेलं नाही, असं त्या तांड्यात कधी झालेलं नव्हतं. ती म्हणाली, "साक्षीले येतो. बोरीच्या पुढं नाई."

मंगळवारी मी रजा टाकली. या वेळी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, तरी दुकानासमोर निम्मं दारव्हा होतं. गाव सुटलं. शनिवारचा तो पळस आला तशी याडीने खिडकीची कडा घट्ट धरली. रामधनने वेग धरला. पळस मागे गेला.

काही नाही. टायरांचा आवाज, खिडकीतला वारा आणि याडीच्या बांगड्यांची किणकिण.

तिने कडा सोडली. थोड्या वेळाने ती मागे टेकली. मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि पंधरवड्याची थकलेली ती म्हातारी गाढ झोपली.

मी मास्तरांच्या पाठीवर बोट टोचलं. ते वळले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडलं. आयुष्यात या माणसाने आनंद गिळलेला कुणी पाहिला नव्हता. मी डोळे वटारले. त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं, आणि तसेच बसून राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत.

बोरी अरबच्या फाट्यावर शेषराव नवा सदरा घालून, हातात हार घेऊन उभा होता. गाडी थांबवली असती तर याडी जागी झाली असती आणि उतरली असती. रामधनने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिडकीतून शेषरावला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. पेटीमास्तर आणि ओठांवर बोट! शेषरावने आत पाहिलं, आणि त्याला सगळं उमगलं. गाडी नुसती सरकत राहिली, त्याने चालता चालता मागचं दार उघडलं आणि मांजराच्या पावलांनी माझ्या पलीकडे येऊन बसला. पुढचा सगळा रस्ता ते दोघे म्हातारे आरशातून एकमेकांकडे बघत हसत होते. आवाज न करता.

दवाखान्याच्या फाटकात रामधनने गाडी बंद केली तेव्हा याडीला जाग आली. तिने पदर सावरला. "बोरी आली का?"

मास्तरांनी पुन्हा तोंडावर हात ठेवला. शेवटी शेषरावच म्हणाला, "बोरी मांगं राह्यली, याडी. तुमी झोपल्या होत्या."

याडीने बाहेर पाहिलं. दवाखाना पाहिला, रामधनचं तोंड पाहिलं, मास्तरांचे ओले डोळे पाहिले. तिचा शब्द बोरीपर्यंतचाच होता, आणि तिने आयुष्यात शब्द फिरवला नव्हता. मला वाटलं, आता ही म्हणेल, गाडी फिरवा. तिने वाकून समोरच्या सीटच्या पाठीवर हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवतात तसा.

"चहा परततानी पेऊ," ती म्हणाली. "साक्ष तवाच होईन." मग दार उघडून आपल्या पायांनी उतरली, दोन पावलं गेली आणि वळली. "अन् शनिवारी किती वाजता निंघाचं रे?"

मास्तरांनी गाडीबाहेर उडी मारली. सगळ्या रस्त्याचा दाबलेला आवाज त्यांच्या छातीत साठला होता. "झोपली!" ते गरजले. "दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत झोपली! काळी चार मेली, शेषराव! मेली!" दवाखान्याच्या खिडक्यांतून नर्सा डोकावल्या. फाटकावरचा वॉचमन 'शांतता राखा' या पाटीकडे काठी दाखवत धावत आला.

"काका, आवाज बंद करा!"

"माहा होत नाई लेका," मास्तर त्याला मिठी मारत ओरडले, "गाडी असली तं सांग!"